रिकाम्या कपाटाच्या मालकांस, खानवेलहून

प्रिय पाहुणे,



तुमचं घर आता हलकं झालं असेल. कपाटात हवा खेळत असेल, माळा मोकळा झाला असेल. कमीत कमी सामानात राहायचं असं तुम्ही ठरवलंय, हे तुम्ही आमच्या शाळेच्या ओसरीवर उभं राहून मोठ्या हौसेने सांगितलंत. ठरवलंत ते चांगलंच केलंत, त्याला नावं ठेवायला मी हे पत्र लिहीत नाही. तुमच्या घरातून निघालेलं सामान सध्या कुठे आहे, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहितेय. ते आमच्याकडे आहे. सिल्वासापासून वीसेक किलोमीटरवर, खानवेलला. दुधनीच्या जलाशयात तुम्ही बोटीतून फिरलात, साकरतोड नदीच्या बाजूला रिसॉर्टवर राहिलात, आणि परतताना गाडीच्या डिकीतली पोती आमच्या ओसरीवर उतरवून "गरजूंना वाटून टाका" म्हणालात. मी नाव-पत्ता विचारायला पुढे झाले तोवर गाडी रस्त्याला लागली होती. म्हणून हे पत्र असं चारचौघांत लिहावं लागतंय.

पोती आम्ही उघडली. मी, शाळेत स्वयंपाक करणारी बाई आणि पाड्यावरच्या दोघी-तिघी. वर नीट घडी घातलेले दोन शर्ट होते, ते कुणाच्याही अंगावर चालतील असे. त्याखाली बर्फात घालायचा जाड कोट. कंपनीच्या कार्यक्रमाचं नाव पाठीवर छापलेले टीशर्ट. चेन तुटलेल्या पँटी, इलास्टिक गेलेल्या चड्ड्या, न धुतलेले मोजे. उंच टाचेचा एक सँडल, एकाच पायाचा. हॉटेलातून आणलेल्या शाम्पूच्या चिमुकल्या बाटल्या, निम्म्या उघडलेल्या, त्यामुळे खालचे कपडे चिकट झालेले. कोणत्याच फोनला न लागणारे चार्जर. मुदत संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, जी मी मुलांच्या हाती लागायच्या आत बाजूला काढली. आणि अगदी तळाशी एक फोटोफ्रेम, आत फोटो तसाच. नऊवारीतल्या आजी, नाकात नथ, मांडीवर तान्हं बाळ. ते बाळ कदाचित तुम्हीच असाल. फ्रेम नकोशी झाली हे मी समजू शकते, पण आत कोण आहे हे बघायलाही तुम्हाला फुरसत झाली नाही.

स्वयंपाकाच्या बाईंनी तो चिकट गठ्ठा दोन बोटांनी उचलला आणि मला विचारलं, "बाई, त्यांच्याकडे कचऱ्याची गाडी येत नाही का?"

येते. रोज सकाळी येते, ओला-सुका वेगळा करून घेते. पण चांगले पैसे मोजून घेतलेली वस्तू कचऱ्याच्या गाडीत टाकताना मनाला लागतं. ते लागू नये म्हणून तुम्ही ती इतक्या लांब आणलीत. वाटेत कुठेतरी तिचं दान झालं.

कमी सामानात राहायच्या तुमच्या या चळवळीला शहाणी माणसं मानतात, मीही मानते. खरेदी कमी करावी, घरात मोकळेपणा असावा, हप्त्यांखाली दबून जगू नये, हे सगळं मला पटतं. पण वस्तू उंबऱ्याबाहेर गेली की तिचं काम संपलं, ही जी समजूत नव्याने सुरुवात करणाऱ्यांच्या मनात बसते, ती चूक आहे. त्या चुकीचा हिशोब कुणीतरी दुसराच चुकता करतो. इथे तो आम्ही केला. दोन शर्ट घेतले गेले. टीशर्टांतले दोन-चार सुती निघाले, त्यांची फडकी केली. उरलेल्याचं काय करायचं? पाड्यावर खड्डा करून पुरावं तर ते कुजत नाही, जाळावं तर काळा धूर आणि वितळलेला गोळा. उघड्यावर ठेवलं तर पहिल्या पावसात ओहोळातून साकरतोडला, साकरतोडमधून दमणगंगेला आणि तिथून दमणच्या समुद्राला.

कुजत का नाही, तेही सांगते, कारण त्या गोष्टीचा आमच्या गावाशी जवळचा संबंध आहे. तुमचे ते चमकणारे, न चुरगळणारे टीशर्ट पोलिएस्टरचे आहेत, म्हणजे खनिज तेलापासून केलेल्या प्लास्टिकचे. त्याच जातीच्या प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या होतात. आणि देशातल्या पोलिएस्टर धाग्याचा मोठा हिस्सा आमच्या सिल्वासाच्या कारखान्यांमधून निघतो. करसवलतींमुळे इथे कारखाने आले, आणि आमच्या पाड्यांवरची पोरं-पोरी भाताची कामं आटोपली की तिथे पाळीवर जातात. रात्रपाळी करून आलेली मुलगी सकाळी डोळे चोळत घरी येते तेव्हा तिच्या केसांत बारीक धागे अडकलेले असतात. तुमच्या अंगावरचा एखादा टीशर्ट तिच्याच यंत्रावरच्या धाग्याचा असू शकतो. तो तुम्ही चार-पाच वेळा घातला असेल, फार तर दहा वेळा. मग तो चिंधी होऊन तिच्या अंगणात परत आला, आणि त्याची विल्हेवाट तिनेच लावायची असं तुम्ही ठरवून टाकलंत.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. श्रीमंत देशांनी टाकलेल्या कपड्यांच्या गासड्या घानातल्या अक्रा शहरात कांतामांतो बाजारात येऊन पडतात, आणि न विकलेला माल तिथल्या किनाऱ्यावर वाळूत रुतलेला दिसतो. चिलीच्या आटाकामा वाळवंटात जुन्या कपड्यांचे डोंगर उभे राहिलेत. आपल्या पानिपतला जगभरातले जुने लोकरी कपडे येतात, त्यांचे तंतू सोडवून पुन्हा सूत काढतात आणि घोंगड्या-ब्लँकेटं विणतात. तिथे निदान काम तरी होतं. तुम्ही मात्र पानिपतचं काम आमच्या ओसरीवर टाकून गेलात.

आता दुसरी गोष्ट, जी मला पोत्यांपेक्षा जास्त लागली. तुम्ही पाड्यावर फिरलात. एका वारली घराच्या दारात उभं राहून फोटो काढलेत आणि बरोबरच्या मंडळींना म्हणालात, "बघा, किती कमी सामानात किती आनंदात आहेत ही माणसं. आपण ह्यांच्याकडून शिकायला हवं."

मी तिथे होते. घरची बाई कारवीच्या कुडाला टेकून उभी होती, तिला मराठी उत्तम कळतं. ती काही बोलली नाही. तिच्या वतीने मी बोलते.

ते घर तुम्हाला रिकामं दिसलं, कारण त्यातलं सामान कशाचं आहे हे तुम्हाला ओळखता आलं नाही. कोपऱ्यात बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली कणगी होती. तिच्यात वर्षाचं भात असतं, आणि ती अर्धी रिकामी होते तेव्हा पावसाळ्याचे महिने कसे निघणार हा विचार सुरू होतो. आढ्याला बियाण्याची कणसं टांगलेली होती. सूप होतं, टोपल्या होत्या, उखळ-मुसळ होतं, विळा-कोयता होता, पावसात वाकून लावणी करताना पाठीवर घ्यायचं इरलं होतं. यातली एकही वस्तू शोभेची नाही आणि एकही वस्तू 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेली नाही. हे तुमच्या लक्षात आलं असतं तर खरोखरच काही शिकल्यासारखं झालं असतं. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक मात्र तुम्ही बरोबर ओळखलात, कारण तशीच चित्रं छापलेल्या गाद्यांचे अभ्रे शहरात मिळतात.

आणि जे तिच्या घरात नाही, ते तिने सोडलेलं नाही. ते तिला मिळालेलं नाही. तिला मिक्सर हवाय. मुलीला कॉलेजला जायला स्कूटर हवी. पत्रा बदलून वर पक्कं छप्पर हवं. त्यात काही हाव नाही, आणि ते हवं असण्याबद्दल तिला कुणी उपदेश करण्याची गरज नाही. मधुबन धरणाचं पाणी चढलं तेव्हा इथल्या कितीतरी कुटुंबांना घर-शेत सोडून उठावं लागलं. हातात येईल तेवढं घेऊन निघायचं होतं. ज्या जलाशयात तुम्ही बोटीतून फिरलात तो त्यांच्या शेतांवर उभा आहे. त्यांचं सामान कमी झालं ते असं. तुमचं कमी झालं ते तुमच्या इच्छेने, रविवारी सकाळी, चहा पीत. निवड करता येणं हीच तुमची खरी श्रीमंती आहे, आणि ती ज्याच्याकडे नाही त्याला पुढे उभं करून कमी सामानाचं कौतुक करू नका.

आपल्याकडे कमी सामानात, स्वतःच्या मर्जीने राहिलेली माणसं होऊन गेलीत, त्यांची ओळख करून घ्यायची तर गाडगेबाबांपासून सुरुवात करा. अंगावर चिंध्यांचं पांघरूण, हातात खराटा आणि एक गाडगं. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदीला त्यांनी लोकांसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतःसाठी त्यातली एक खोली ठेवली नाही. या पत्रात त्यांचं नाव घ्यायचं कारण एवढंच की बाबा एखाद्या गावात शिरले की आधी ते गाव झाडायला घेत. गावाने त्यांच्यामागे झाडावं असं त्यांनी कधी काही ठेवलं नाही.

तुमच्या आधीच्या पिढीच्या घरात जुने कपडे कसे बाहेर जात, ते तुम्ही आईला किंवा आत्याला विचारा. दुपारी बोहारीण यायची. डोक्यावर भांड्यांची पाटी, खांद्यावर गाठोडं. ओटीवर बैठक मारायची आणि घरातल्या बायका जुने कपडे आणून पुढे टाकायच्या. ती प्रत्येक कपडा उजेडाकडे धरायची. शिवण ताणून बघायची, काखेत हात घालून बघायची, साडीचा काठ बोटावर घासून जरीचा अंदाज घ्यायची. फाटका निघाला तर तोंडावर परत करायची. "ताई, हे घेऊन मी काय करू? पोतेरं करा." मग स्टीलच्या डब्यासाठी घासाघीस. डबा मोठा हवा असेल तर आणखी एक शर्ट आणा. अर्धा-पाऊण तास हे चालायचं, आणि त्या वेळात घरच्या बाईला आपण घेतलेल्या कापडाची खरी लायकी कळायची. पुढच्या वेळी दुकानात ती साडी हातात घेताना काठ बघायची, पोत बघायची, कारण दोन वर्षांनी बोहारीण काय म्हणेल हे तिला ठाऊक असायचं.

तुमच्या व्यवहारातून नेमकी हीच बाई गेली आहे. तुमचा कपडा हातात धरून नको म्हणणारं कुणी उरलेलं नाही. आम्हीही म्हणालो नाही, कारण तुम्ही विचारलंच नाहीत, आणि दान घेणाऱ्याने नापसंती दाखवायची नसते असा आपल्याकडे रिवाज आहे. तो रिवाज मी आज मोडते. तुमच्या पोत्यातलं बहुतेक सामान घेण्याच्या लायकीचं नव्हतं.

बोहारणीनेही नाकारलेल्या सुती साड्या-धोतरांची गोधडी व्हायची. तीन-चार थर एकावर एक, कडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत. त्या गोधडीत आजीचं लुगडं, काकूची साडी, बाबांचं धोतर ओळखू यायचं. घरात नवं आलेलं असं कापड घराबाहेर जायला वीस-पंचवीस वर्षं लागायची. जुन्या कपड्याचं काय करता येतं हे बघायचं असेल तर अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या गूंज संस्थेचं काम बघा. गावकऱ्यांनी स्वतःच्या गावासाठी विहीर, बंधारा, रस्ता करायचा आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपडे-सामान घ्यायचं, भीक म्हणून नाही. जुन्या सुती कापडाचे तिथे धुऊन, कापून बायकांसाठी पॅड बनतात. गुप्तांना 2015 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या कामात वर्गीकरणाला, धुण्याला, कापायला किती हात लागतात ते कळलं की न धुतलेला मोजा पोत्यात टाकताना तुमचा हात थांबेल.

आता तुमच्या नव्या घराविषयी. तुम्हीच फोनवर फोटो दाखवलेत म्हणून बोलते. एकाच रंगाच्या कापडी पेट्या, बांबूच्या झाकणांच्या काचेच्या बरण्या, ड्रॉवरमध्ये बसणारे खण, पांढऱ्या चादरी. सगळं नवं. जुने चांगले स्टीलचे डबे काढून त्यांच्या जागी बरण्या आल्या. म्हणजे सामान कमी झालं नाही, बदललं. यात तुम्ही एकटे नाही. घर आवरायला सगळ्या जगाला शिकवणाऱ्या मारी कोंडो यांनीही 2019 मध्ये वस्तू विकायचं ऑनलाइन दुकान उघडलं होतं. पुढे तिसरं मूल झाल्यावर, 2023 च्या सुमारास, घर पूर्वीसारखं टापटीप ठेवणं आपण बरंचसं सोडलंय असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. ते मात्र मला फार आवडलं. मुलं असलेल्या घरात पसारा असतो, आणि नवशिक्याने तो पाप समजू नये.

तुम्ही अजून सुरुवातीलाच आहात, म्हणूनच हे सगळं लिहायला बसले. चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, सुरुवातीला चुकलेलं वळण पुढे किती त्रास देतं हे बघितलंय. तेव्हा ऐका. रिकामं करण्यापासून सुरुवात करू नका. आणणं थांबवा. निदान एक पावसाळाभर खाणं, औषधं आणि शाळेचं सामान सोडून काही घेऊ नका, आणि त्या काळात जे हवंसं वाटलं ते एका वहीत लिहून ठेवा. पावसाळा संपल्यावर ती यादी वाचा. यातलं किती अजून हवंय ते तुमचं तुम्हालाच कळेल. घरातलं काढायचंच असेल तर आधी स्वतःचंच काढा. नवऱ्याची पुस्तकं, सासूबाईंची पितळी भांडी, मुलाचे दगड-शंख यांना हात लावू नका. दुसऱ्याच्या वस्तू कमी करणं फार सोपं असतं.

आणि स्वतःचं काढतानाही घाई करू नका. रिचर्ड ग्रेग नावाचे अमेरिकन गृहस्थ 1925 मध्ये भारतात आले आणि गांधीजींच्या सहवासात राहिले. पुढे 1936 मध्ये त्यांनी स्वेच्छेने साधं राहण्याविषयी जो निबंध लिहिला, त्यातून तुमच्या या विचाराला पश्चिमेकडे मोठी चालना मिळाली. त्यांनी गांधीजींना सांगितलं की बाकी सगळं सुटतं, पुस्तकं सुटत नाहीत. गांधीजी म्हणाले, मग सोडू नका. ज्या वस्तूतून मनाला आधार मिळतो ती जवळ ठेवा. कर्तव्य म्हणून जबरदस्तीने सोडलीत तर मन तिच्याचकडे ओढ घेत राहील. अपरिग्रहाचं व्रत घेतलेल्या माणसाने असं सांगावं, याचा विचार करा. त्यांना घाई नव्हती. तुम्हाला एका सुट्टीत सगळं उरकायचं होतं, म्हणून आजींचा फोटोही पोत्यात गेला.

जे काढाल त्याची शेवटपर्यंतची जबाबदारी तुमची. चेन बसवायला शिंप्याकडे द्या, गल्लीच्या तोंडाशी बसणारा म्हातारा शिंपी ते काम करतो आणि त्याला त्या पैशांची गरजही असते. बिघडलेला चार्जर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. मुदत संपलेल्या गोळ्या कुणाच्याही मुलांपर्यंत पोचू देऊ नका. ओळखीच्या माणसाला कपडा द्यायचा असेल तर धुऊन, इस्त्री करून, बटण लावून, त्याच्या हातात द्या आणि "चालेल का?" असं विचारा. तो नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. आणि ज्याचं काहीच होण्यासारखं नाही, ते स्वतःच्या हाताने कचऱ्याच्या डब्यात टाका. त्या वेळी मनाला जे लागेल ते लागू द्या, पुढच्या खरेदीच्या वेळी तेच कामाला येईल.

आजींचा फोटो मी काढून ठेवलाय. काच पुसली, मागे वर्तमानपत्राचा कागद बसवला. तो शाळेच्या कपाटात आहे, येऊन घेऊन जा. पोतीही घेऊन जा. पावसाच्या आत आलात तर बरं, कारण ओसरीवर मुलं जेवायला बसतात आणि जूनमध्ये आम्हाला ती जागा लागते.

आणि आमच्या मुलांसाठी काही करायची इच्छा अजून असेल, तर आधी शाळेत फोन करा आणि विचारा. आत्ता विचारलंत तर उत्तर असं आहे: सहावी-सातवीच्या मुलांच्या मापाचे नवे रेनकोट, कारण ओहोळ ओलांडून येणारी मुलं भिजून तापाने पडतात. वाचनालयासाठी मराठीतली गोष्टींची पुस्तकं, पानं सुटलेली चालतील, आम्ही शिवून घेऊ. मोठ्या मुलींसाठी एक शिवणयंत्र, पायाचं, कारण वीज जाते. जुनं असलं तरी चालेल, मात्र देण्याआधी त्यावर एक सरळ टीप घालून बघा, आणि ती घातलेलं कापड सोबत पाठवा.

आपली,
खानवेलच्या शाळेतली एक निवृत्त शिक्षिका